डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

मुंबईत राणीच्या बागेशेजारी असलेल्या संग्रहालयाला 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे संशोधक म्हणून ते मराठवाड्याला जवळचे. पण त्यांची एक झुंज फारशी सांगितली जात नाही. ती म्हणजे कुष्ठरोगाशी.

रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म 1822 मध्ये गोव्यातील मांद्रे येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईत आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच शिक्षकही झाले. पुढे 1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. बंधू डॉ. नारायण दाजींसह त्यांनी गरिबांना मोफत औषधे दिली.

कुष्ठरोग कातडीवर दिसतो, पण तो नसांना बधिर करतो आणि नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरालाही पोखरतो. त्या काळी रोग्याला घर आणि गाव दोन्ही सुटत. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ अभ्यासले आणि कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले. महाशिवरात्रीला आपण ज्याची चटणी करतो ते कवठ हे नव्हे. हे सह्याद्रीच्या जंगलातले वेगळे झाड.

मात्र औषधाची कृती त्यांनी गुप्त ठेवली आणि त्याबद्दल टीका सोसली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कोड दहाजणांनी तपासला की चुका लवकर सापडतात. औषधाचेही तसेच. कृती उघड असती तर तिचा गुण किती आणि मर्यादा किती, हे इतर डॉक्टरांना लवकर पडताळता आले असते. भाऊंच्या मोठेपणाबरोबर हेही सांगायला हवे.

1873 मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना या रोगाचे जंतू दिसले. 31 मे 1874 रोजी भाऊ गेले. त्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे 1940च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत जगभर वापरले गेले. 1980च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. आता सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

भाऊंच्या निधनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1974 मध्ये, आपल्या अंबाजोगाईत मेडिकल कॉलेज सुरू झाले. उपचार दाराशी आले, तरी चट्टा लपवण्याची सवय अजून गेलेली नाही. ओळखीत कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर त्याला धीर द्या आणि दवाखान्यात सोबत जा.