बाबासाहेब आणि घरातली वीज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की डोळ्यांसमोर राज्यघटना येते, महाडचे चवदार तळे येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. आपल्या घरातल्या विजेच्या बटणाशीही त्यांचा संबंध आहे, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या ढोकी परिसरात त्यांच्या जयंतीला दरवर्षी विजेच्या माळांचा लखलखाट असतो. पण त्या माळा ज्या खांबावरून वीज घेतात, त्या खांबाची गोष्ट कुणी सांगत नाही. ती सांगण्यासारखी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव मुंबईला आला तो परळच्या चाळीतल्या एका खोलीत. घरातली सगळी माणसे, स्वयंपाक, भांडीकुंडी आणि अभ्यास एवढे सगळे त्या एका खोलीत. वडील रामजी सुभेदार पहाटे दोनच्या सुमारास मुलाला उठवत आणि मग रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी उजाडेपर्यंत त्याचे वाचन चाले. १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली होती. शहरात वीज आलेली, आणि शहराच्या चाळीत मात्र रॉकेलचा धूर! पुढे १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. एडिसनने १८८२ साली घरोघर वीज विकायला सुरुवात केली ती याच शहरात. तिथल्या ग्रंथालयात वाचताना परळचा दिवा त्यांना आठवला असेल का? असेलही. पण माझा तर्क मी इतिहास म्हणून सांगणार नाही.

जे कागदावर आहे ते याहून मोलाचे आहे. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे होतात म्हणून शेतकरी गरीब, असे त्या वेळचे शहाणे म्हणत. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा फिरवला. शेतीवर माणसे फार झाली आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही, हा खरा रोग. तेव्हा इलाज उद्योगधंद्यांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चार-सहा एकर कोरडवाहूवर तीन भाऊ राबताना ज्यांनी पाहिले आहेत, त्या आमच्या भागातल्या लोकांना हे फोडून सांगायला नको.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब ढोकीच्या शेजारच्या कसबे तडवळ्याला आले. तिथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. आज ढोकीहून मोठी गाडी जाते, तिथे तेव्हा बार्शी लाइटची अरुंद रुळांची आगगाडी होती. वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. नावाला थोडी जमीन, आणि त्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या गावकी. सांगावा घेऊन परगावी पळायचे, कुणाच्या मयताची खबर ऊन-पाऊस न बघता पोचवायची, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढ्यात चालायचे. म्हणजे ज्या काळात सरकारच्या तारा खांबांवरून धावत होत्या, त्या काळात गावाची तार माणसाच्या पायांवर धावत होती. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते.

तडवळ्याच्या परिषदेनंतर दीडच वर्षाने, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खात्याचे, पण पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम आणि वीज हेही त्याच खात्यात होते. आणि इथे माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वात दुर्लक्षित प्रकरण सुरू होते. महायुद्ध चालू होते, पण युद्धानंतरच्या भारताचा विचार करण्यासाठी समित्या नेमल्या होत्या. वीज आणि बांधकामाच्या धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत तिची बैठक झाली. त्यांनी समितीपुढे प्रश्नच ठेवले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारच्या? खाजगी असेल तर लोकहितासाठी तिच्यावर अटी कोणत्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? वीज स्वस्त आणि मुबलक कशी होईल? आणि हे सारे कशासाठी, तर स्वस्त विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांवाचून लोक दारिद्र्याच्या रहाटगाडग्यातून सुटणार नाहीत यासाठी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचा धागा त्यांनी इथे सरळ विजेच्या तारेला जोडला.

समितीत बोलून ते थांबले नाहीत. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. १९४५ मध्ये नद्यांच्या कामासाठी केंद्रीय आयोग निघाला आणि त्याच्या प्रमुखपदी खोसला हे भारतीय अभियंते आले. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याला दामोदर नदीच्या योजनेवर परिषद भरली, तिचे सूत्रधारही बाबासाहेबच. पूर अडवायचा, पाणी शेताला द्यायचे आणि त्याच पाण्यावर वीज करायची, ही अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याची रीत त्यांना इथे हवी होती. १९४६ च्या जूनमध्ये ते मंत्रिपदावरून उतरले. दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली झाले. त्याच वर्षी वीज पुरवठा कायदा झाला. त्या वेळी वीज खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते. राज्य वीज मंडळांचा जन्म याच कायद्यातला. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली निघाले. २००५ साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी आमच्याकडची म्हातारी माणसे अजून बोर्डाचीच लाइट म्हणतात.

आणखी एक गोष्ट घटनेतली आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, हे सगळ्यांना माहीत असते. शेवटची परिशिष्टे कोण वाचतो? सातव्या परिशिष्टात वीज केंद्र आणि राज्य या दोघांच्या सामाईक सूचीत आहे. टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी, नभोवाणी आणि अशीच इतर संपर्काची साधने केंद्राकडे आहेत. ही वाटणी १९३५ च्या कायद्यातून आली, तेव्हा तिचे सगळे श्रेय बाबासाहेबांना देणे बरे नव्हे. पण ती 'इतर साधने' म्हणजे आज आपल्या घरात येणारे इंटरनेट. त्या दोन नोंदी आज एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदतात. वायरमन सांगतो, विजेचा पाइप वेगळा घ्या, डिशची केबल त्याच्यात कोंबू नका, नाहीतर चित्र बिघडते आणि कधी जिवावरही बेतते. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नीट करा. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज नव्हे, उजेड धावतो, म्हणून त्याचा धक्का बसत नाही. पण एक गंमत पाहा. जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन एक्स्चेंजच्या विजेवर चाले, म्हणून भारनियमनातही वाजे. फायबरचा डबा घरातल्या विजेवर चालतो. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला की नेटही गेले, आणि परीक्षेचा फॉर्म भरणारे पोर कपाळाला हात लावून बसते. संपर्काची नोंद केंद्राकडे असो नाहीतर आणखी कुणाकडे, तिला जीव विजेचाच.

म्हणून प्रश्न पुन्हा १९४३ च्या बैठकीतलाच उरतो, वीज कोणाला आणि किती. खेड्यापाड्यांत खांब आधी गावठाणात रोवले गेले आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला पुष्कळदा मागाहून मिळाले, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. १९८८-८९ साली कुटीर ज्योती योजना आली, तेव्हा गरिबाच्या घराला सरकारने दिला तो एक दिवा. पंखा नाही, टीव्ही नाही, एकच बल्ब. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली होती.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले. वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. कोयनेची वीज आली १९६२ मध्ये.