उलटलेली होडी सुलटी करणारा

कयाक हा शब्द आता आपल्याला अनोळखी राहिलेला नाही. तारकर्ली-देवबागला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी होड्या भाड्याने मिळतात. नारिंगी जाकीट चढवून शहरातली मुले तासभर वल्ही मारून येतात, फोटो काढतात आणि माशाच्या जेवणाला बसतात. त्यात वावगे काही नाही. पण ही होडी मुळात खेळणे नव्हे. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात सील मारून पोट भरणाऱ्या माणसांचे ते हत्यार होते. ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांकडून ही विद्या रीतसर शिकून घेणारा इंग्रज म्हणून गिनो वॉटकिन्सचे नाव आजही समुद्रात कयाक नेणारे आदराने घेतात. पंचविसाव्या वर्षी तो त्याच होडीतून एकटा गेला आणि परतला नाही.

हेन्री जॉर्ज हे त्याचे पाळण्यातले नाव. जन्म २९ जानेवारी १९०७ चा, लंडनमधला. केंब्रिजला असताना ध्रुवप्रदेशाच्या वेडाने त्याला पछाडले आणि विसाव्या वर्षी, १९२७ मध्ये, स्पिट्सबर्गनजवळच्या एज बेटावर तो स्वतःची मोहीम घेऊन गेला. मग १९२८-२९ मध्ये लॅब्राडोर. दिसायला नाजूक, नाचगाण्याचा शौकीन, लंडनमध्ये कपड्यालत्त्याने नीटनेटका असा हा तरुण. त्याच्याकडे पाहून हा मोहिमेचा नेता आहे असे कुणाला वाटले नसते. पण त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसे त्याच्या शब्दावर बर्फात जात, हे खरे.

इंग्लंडहून कॅनडाला विमाने न्यायची तर जवळची वाट ग्रीनलँडवरून जाते. तिथली हवा आणि जमीन कशी आहे, हे पाहण्यासाठी १९३० च्या जुलैमध्ये चौदा जणांची तुकडी निघाली. नेता गिनो, वय तेवीस. जहाज ‘क्वेस्ट’, म्हणजे ज्यावर शॅकल्टनने अखेरचा श्वास घेतला तेच. ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, अंगमग्सालिक या वस्तीच्या पश्चिमेला, त्यांनी तळ ठोकला. तिथून सुमारे १४० मैल आत, हिमाच्या पठारावर, हवामानाच्या नोंदींसाठी एक तंबूवजा ठाणे उभारले.

या ठाण्याची गोष्ट इथे सांगायला हवी. हिवाळ्याच्या तोंडाशी शिधा घेऊन निघालेली तुकडी वादळांत इतकी रखडली, की ती पोचली तेव्हा दोघांना पुरेल एवढे अन्न उरले नव्हते. तेव्हा ऑगस्टीन कोर्टोल्ड म्हणाला, मी एकटा राहतो. डिसेंबर १९३० च्या आरंभापासून तो तिथे एकटा होता. पुढे बर्फाने ठाण्याचे तोंडच बुजवले आणि शेवटचे कित्येक आठवडे तो आत कोंडला गेला. एक शोधपथक जाऊन ठाणे न सापडताच परत आले. मग गिनो स्वतः जॉन रायमिल आणि फ्रेडी चॅपमन यांना घेऊन निघाला. ५ मे १९३१ रोजी त्यांना बर्फातून डोकावणारे हवेचे नळकांडे आणि फाटक्या झेंड्याची चिंधी दिसली. गिनोने नळकांड्यात तोंड घालून हाक मारली आणि खालून उत्तर आले. रॉकेल संपून आतला स्टोव्ह तेव्हा विझायलाच आला होता. एकट्या माणसाचे काय होऊ शकते, हे गिनोइतके जवळून त्या काळी फार थोड्यांनी पाहिले असेल.

याच मोहिमेत तो कयाक शिकला. पूर्व ग्रीनलँडची कयाक सतरा-अठरा फूट लांब आणि जेमतेम वीस इंच रुंद असते. त्या किनाऱ्यावर सांगाड्याजोगे झाड उगवत नाही. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, तो वादीने बांधायचा आणि वर सीलचे कातडे शिवायचे. शिंप्याने कोट बेतावा तशी होडी मालकाच्या अंगावर बेतलेली असते. आत पाय सरळ सोडून बसावे लागते. गिनोने आणि त्याच्या सोबत्यांनी अशा होड्या करवून घेतल्या आणि शिकाऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी केली.

त्यातला सर्वांत अवघड धडा उलटून सुलटे होण्याचा. इतकी अरुंद होडी कधी ना कधी उलटणारच. भाल्याचा दोर सील ओढून नेताना अडकला, लाट तिरपी आली, की माणूस डोके खाली आणि पाय वर. तेव्हा बाहेर न पडता वल्हे होडीला समांतर धरून पाण्याच्या पृष्ठभागाशी न्यायचे, एका बाजूने अर्धवर्तुळात फिरवायचे आणि त्याच क्षणी कमरेला हिसडा देऊन होडी वळवायची. डोके सर्वांत शेवटी वर यायला हवे. नवशिका घाबरून डोके आधी काढू पाहतो आणि पुन्हा खाली जातो. ऑस्ट्रियाच्या पावलाटाने १९२७ मध्ये वर्णने वाचून ही युक्ती स्वतःच साधली होती, पण ती थेट ग्रीनलँडच्या लोकांकडून शिकणाऱ्यांत गिनो अग्रेसर. बर्फाच्या पाण्यात डोके बुडवून पुन्हा पुन्हा सराव करणे म्हणजे काय, याची आपण कोकणातल्या कोमट समुद्रात उभे राहून कल्पना करू शकत नाही.

आणि या कौशल्याला एक अट आहे. शिकारी सीलच्या कातड्याचा अंगरखा घालतो. तो तोंडाभोवती आणि मनगटांशी आवळून खाली होडीच्या तोंडाच्या कड्याला बांधला, की माणूस आणि होडी मिळून एकच वस्तू होते, आत थेंब जात नाही. दुसरा प्रकार आखूड पट्ट्याचा. तो कड्यापासून छातीपर्यंतच येतो. वापरायला सोपा, पण संरक्षण कमी. कोणताही असला तरी माणूस होडीत बसलेला असेल तोवरच त्याचा उपयोग. एकदा बाहेर पडला, की ती सगळी विद्या फुकट.

१९३१ च्या उन्हाळ्यात कोर्टोल्ड आणि पर्सी लेमन यांच्याबरोबर उघड्या होड्यांतून, शिकारीवर पोट भरत, गिनोने ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. तो सुमारे सहाशे मैलांचा प्रवास होता. पुढच्या वर्षी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. अंटार्क्टिका पार करण्याचे त्याचे स्वप्न होते, पण ते मंदीचे दिवस होते, पैसा कोण देणार? शेवटी पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या माफक मदतीवर तो पुन्हा पूर्व ग्रीनलँडला निघाला. या वेळी चौघेच होते: गिनो, रायमिल, चॅपमन आणि क्विंटिन रायली. पैसे थोडे म्हणून शिधा थोडा. माणसांचे आणि कुत्र्यांचे पोट सीलच्या मांसावर भरायचे होते. म्हणजे गिनोची कयाक हे त्या मोहिमेचे स्वयंपाकघरच.

लेक फ्योर्ड नावाच्या खाडीत त्यांचा तळ होता. २० ऑगस्ट १९३२ च्या सकाळी गिनो एकटा शिकारीला गेला. रायमिल आणि चॅपमन मोटरबोटीतून आपल्या कामाला गेले होते. दुपारी त्यांना पाण्याने भरलेली रिकामी कयाक तरंगताना दिसली. शोधल्यावर जवळच्या हिमखंडावर गिनोची विजार आणि कयाकचा पट्टा, दोन्ही भिजलेली, सापडली. शरीर कधीच मिळाले नाही.

काय झाले असेल? हिमनदीचा कडा कोसळून लाट आली असेल, किंवा तो हिमखंडावर उतरला असताना होडी निसटली असेल. एवढे दिसते, की तो होडीपासून सुटला, बर्फावर चढला, ओले कपडे उतरवले आणि बहुधा होडी गाठायला पोहत निघाला. थंड पाण्याचा आज शिकवला जाणारा ढोबळ हिशेब असा: पहिले मिनिट धापा आवरण्यात जाते, दहाएक मिनिटांत हातपाय निकामी होतात, शुद्ध फार तर तासभर टिकते. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी पोहणे विसरतो.

मी बँकेत आयुष्य काढले. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला वाटते, बँकेचा आपल्यावर विश्वास नाही. मी पाहिले, की हुशार आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाच हा नियम सर्वांत जाचतो. दुसरा किल्लीवाला उशिरा आला, की तो चडफडतो. काम खोळंबते, हेही खरे. गिनोचा हिशेब मला असाच वाटतो. चौघांपैकी दोघे शिकारीत गुंतले तर पाहणी कुणी करायची? आणि मी तर उलटलेली होडी सुलटी करू शकतो. हिशेबात चूक काढता येत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. दुसरा माणूस तिथे असता, तर त्याला काही फार पराक्रम करावा लागला नसता, फक्त निसटलेली कयाक ओढून आणायची होती.

आज समुद्रात कयाक नेणाऱ्यांना शिकवतात ते बरेचसे या एका दुपारला उत्तर आहे. उलटलात तर होडी सोडू नका, कारण रिकामी होडी वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने जाते. होडीला पुढे-मागे बंद कप्पे असतात, त्यामुळे पाणी भरले तरी ती नीट तरंगते. गिनोच्या होडीत ते नव्हते. सोबती उलटलेल्या होडीचे टोक आपल्या होडीवर आडवे ओढून घेतो, पाणी ओततो, ती सरळ करून धरतो आणि पडलेला माणूस मागच्या बाजूने चढतो. सराव असेल तर काही मिनिटांचे काम. एकट्यासाठी वल्ह्याच्या पात्यावर चढवायची हवेची पिशवी, हातपंप, शिट्टी, पाण्यात चालणारा रेडिओ हे सगळे असते. थंड पाण्यात अंग कोरडे ठेवणारा पूर्ण पोशाख असतो. कपडे हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी घालायचे, हे नवशिक्याला पटवणे मात्र अवघड. ऊन पडले असले की कुणालाच ते खरे वाटत नाही.

गिनो गेल्यावर रायमिलने सूत्रे घेतली आणि तिघांनी तिथेच हिवाळा काढला. १९३४ ते १९३७ या काळात रायमिल अंटार्क्टिकाला मोहीम घेऊन गेला. रायली त्याच्याबरोबर होता. चॅपमनने १९३७ मध्ये भूतान-तिबेट सीमेवरच्या चोमोल्हारीवर पहिले पाऊल ठेवले. ग्रीनलँडमध्ये गिनोने विमानातून पाहिलेल्या उंच पर्वतरांगेला त्याचे नाव मिळाले. तिच्यातले ३,६९४ मीटरचे शिखर त्या साऱ्या देशात सर्वांत उंच. १६ ऑगस्ट १९३५ रोजी त्यावर प्रथम जी माणसे चढली, त्यांत कोर्टोल्ड होता.