यतीचे बंधन आणि नटाचा श्वास

पद्य म्हणणे आणि पद्य बोलणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मनाचे श्लोक आपण सारेच लहानपणी घोकतो. चरणात बारा अक्षरे, ठराविक हेल आणि अखेरीस यमकावर येऊन आपटणारा आवाज. पाठांतराला ही चाल उपकारक ठरते, यात शंका नाही. परंतु रंगभूमीवरील एखादे पात्र त्याच चालीत आपले दुःख सांगू लागले, तर प्रेक्षकांना चाल तेवढी ऐकू येते, दुःख ऐकू येत नाही. फ्रेंच रंगभूमीने ही अडचण शतकाहून अधिक काळ सोसली. ती दूर करण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्या फ्रांस्वा-जोझेफ ताल्मा या नटाचे चरित्र म्हणूनच आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहे.

कोर्नेय आणि रासीन यांच्या सतराव्या शतकातील शोकांतिका ज्या छंदात आहेत, त्याच्या ओळीतही बाराच अक्षरे असतात. लघुगुरूचे बंधन नाही. मात्र सहाव्या अक्षरानंतर यती आणि दोन-दोन ओळींना यमक. पॅरिसच्या ‘कोमेदी फ्रांसेज’ या राजाश्रित नाट्यसंस्थेत या ओळी म्हणण्याची एक गंभीर, गायनाकडे झुकणारी पद्धत रूढ होऊन बसली होती आणि गुरूकडून शिष्याकडे ती जशीच्या तशी जात असे. अठराव्या शतकाच्या मध्यास लकॅं हा नट आणि क्लेरॉं ही नटी यांनी तिला काहीसा धक्का दिला होता. परंतु १७७८ मध्ये लकॅं निवर्तला आणि पुन्हा जुनी चालच माजली.

ताल्माचा जन्म पॅरिसमध्ये १५ जानेवारी १७६३ रोजी झाला. वडील दंतवैद्य होते. बालपण व तारुण्याचा काही काळ त्याने लंडनमध्ये घालविला. तेथे तो इंग्रजी शिकला आणि शेक्सपिअरच्या नाटकांशी त्याचा परिचय झाला. पॅरिसला परतल्यावर त्याने काही काळ वडिलांचाच व्यवसाय केला. परंतु १७८६ मध्ये वाचिक अभिनयाची सरकारी शाळा निघताच तो तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत दाखल झाला आणि २१ नोव्हेंबर १७८७ रोजी व्होल्तेरच्या एका शोकांतिकेतून कोमेदी फ्रांसेजच्या रंगमंचावर उभा राहिला.

प्रथम वाट्याला आल्या त्या किरकोळ भूमिका. व्होल्तेरच्या ‘ब्रूटस’मधील अशाच एका भूमिकेत तो चित्रकार दाविदच्या सल्ल्याने खराखुरा रोमन वेष करून, उघड्या हातापायांनी आला, तेव्हा रेशमी पोशाखातील सहकारी हादरून गेले. वेषातील ही सत्यप्रीतीच पुढे त्याने वाणीत आणली. ४ नोव्हेंबर १७८९ रोजी शेनियेचे ‘नववा चार्ल्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. स्वतःच्या प्रजेची कत्तल होऊ देणाऱ्या राजाची ती भूमिका ज्येष्ठांनी नाकारली, म्हणून ती ताल्माकडे आली. क्रांतीने पेटलेल्या पॅरिसने नाटक डोक्यावर घेतले; संस्थेत मात्र फूट पडली. १७९१ मध्ये तो काही सहकाऱ्यांसह बाहेर पडला. त्याआधी, १७९० मध्ये, तो नट आहे एवढ्याच कारणावरून धर्मगुरूने त्याचे लग्न लावण्यास नकार दिला होता. त्यावर त्याने राष्ट्रीय सभेकडे दाद मागितली. मनुष्य म्हणून बोलण्याचा हक्क रंगमंचावर मागणाऱ्या या नटाला नागरिक म्हणून जगण्याच्या हक्कासाठीही असे झगडावे लागले.

त्याने नेमके केले काय? छंद मोडला नाही. बारातले एकही अक्षर त्याने गाळले नाही. परंतु विराम कोठे घ्यावयाचा, हे यतीने नव्हे तर विचाराने ठरवावे, असा त्याचा आग्रह होता. वाक्य पुढील ओळीत ओसंडत असेल, तर तो त्याबरोबर ओसंडत जाई. यमकावर आघात न देता ते अर्थात विरू देई. शब्दांच्या आधी दृष्टी आणि हालचाल यावी, कारण माणसाला भावना आधी होते आणि शब्द मागाहून सुचतात, हे त्याचे निरीक्षण होते. १८२५ मध्ये लकॅंविषयी लिहिलेल्या चिंतनात त्याने नटाच्या बोलण्यासाठी रूढ असलेला ‘पठण’ या अर्थाचा शब्दच अयोग्य ठरविला. त्याच लेखनात तो सांगतो, की स्वतःवर मोठे दुःख कोसळले असतानाही आपला आवाज कसा कापतो आहे, याकडे आपले लक्ष गेले होते. ही नोंद वाचताना क्षणभर अंगावर काटा येतो. सहजतेची किंमत किती मोठी असते, हे त्यातून कळते.

त्याच्यावर टीकाही झाली. जोफ्रवासारखा विख्यात समीक्षक त्याच्या मागे लागला होता. पद्याचे गद्य झाले तर कवीचे काय उरले, असा जुन्या रसिकांचा प्रश्न होता आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. परंतु मादाम द स्तालसारख्या चोखंदळ लेखिकेला ताल्मामध्ये शेक्सपिअर आणि रासीन यांचा संगम दिसला, हे विसरता येत नाही. नेपोलियनने १८०८ मध्ये एर्फुर्ट येथे त्याला राजेरजवाड्यांपुढे उभे केले. १९ ऑक्टोबर १८२६ रोजी तो वारला आणि धार्मिक विधीशिवायच त्याचे दफन झाले.

आपल्याकडे संस्कृत नाटकांच्या स्पर्धांत आजही श्लोक आला की नटाचा सूर बदलतो. ‘नटसम्राट’मधील स्वगते म्हणणारे कितीतरी तरुण नामवंत नटांची ढब उचलतात; शब्द शिरवाडकरांचे, श्वास दुसऱ्याचा आणि स्वतःचे काहीच नाही. यावर चाल झुगारून देणे हा उपाय नव्हे. छंद ज्याच्या हाडीमाशी मुरला आहे, त्यालाच तो विसरल्यासारखे बोलता येते. गुरूने शिष्याला आधी वृत्त द्यावे. परंतु आपला हेल देऊ नये. तो ज्याचा त्याने आपल्या श्वासातून शोधावयाचा असतो.