रेव्हरंड नारायण वामन टिळक

रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने फार कडक होते. आई जानकीबाई मात्र सौम्य, भाविक आणि कवितेची आवड असलेली होती. मुलाचा सारा जीव आईवर. १८७३ साली ती निवर्तली, तेव्हा नारायण अवघा अकरा वर्षांचा होता. आईवाचून घर त्याला नकोसे झाले आणि विद्येच्या ओढीने तो नाशिकची वाट चालू लागला.

त्या काळचे नाशिक म्हणजे घाट, देवळे आणि पाठशाळा यांचे गाव. देवळा, सटाणा, मालेगाव या बाजूचा मनुष्य तेथे यावयाचा तो पर्वणीच्या स्नानास, कचेरीच्या कामास, नाही तर शास्त्र शिकावयास. या पोरक्या मुलाला तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू लाभले. त्यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. थोडे इंग्रजीही तो शाळेत शिकला. परंतु दारिद्र्यामुळे ते शिक्षण पुरे झाले नाही.

१८८० साली टिळकांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे बंड विलक्षण होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, असा त्यांच्या वडिलांचा कटाक्ष असे. अशा घरातील मुलगी टिळकांसारख्या बेबंद माणसाच्या संसारात आली! टिळक क्षणात रागावत, क्षणात विरघळत. केव्हा घर सोडून निघून जातील याचा नेम नसे. हाती आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वीच एखाद्या गरजवंताच्या पदरात पडलेला असे. पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात हे सारे निर्भीडपणे सांगितले आहे, आणि पतीचे दोष सांगतानाही त्यांचे प्रेम लपत नाही.

कीर्तने, प्रवचने, शिक्षकाची नोकरी, मासिकाचे संपादन असे नाना उद्योग करीत टिळक गावोगाव हिंडले. नागपुरास त्यांच्या विद्वत्तेची चहा झाली. पण मनाला स्वस्थता नव्हती. जातिभेदाने समाजाची झालेली शकले त्यांना पाहवत नसत. सर्व माणसांना एका पित्याची लेकरे मानणारा धर्म त्यांना हवा होता. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे चित्त तेथे खिळून राहिले. पुस्तक देणाऱ्या त्या प्रवाशाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आज या घटनेचा अर्थ सहजी ध्यानात यावयाचा नाही. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील कोणी ख्रिस्ती झाला, तर आप्तांच्या लेखी तो मेल्यातच जमा होई. बायकोमुलाशी त्याचा संबंध तुटे; त्याच्या हातचे पाणीही कोणी घेत नसे. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने दिवस कंठू लागल्या; काही काळ पंढरपुरास राहिल्या. इकडे टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनात काम करीत होते. स्वतःच्या अंतःकरणाला पटलेली गोष्ट त्यांनी केली खरी. पण तिचे मोल त्या निरपराध बाईला भरावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास आल्या. पण आपले सोवळे सांभाळून, चूल निराळी मांडून. टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. ज्या माणसाला राग आवरत नसे, त्याने या एका बाबतीत मोठा धीर धरला. पुढे राहुरीस असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप विचार सुरू झाला. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवानेच केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसामाणसांतही त्याने काही उघड फरक ठेवला नसता काय? विचार करता करता आयुष्यभराचे सोवळे गळून पडले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. मोडलेला संसार पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

आता टिळकांपुढे निराळाच प्रश्न होता. पुष्कळ ख्रिस्ती लोक धर्माबरोबर साहेबांचा पोशाख, साहेबांच्या चाली आणि साहेबांची गाणीही उचलीत. टिळकांना हे मुळीच रुचत नसे. ख्रिस्ती होण्यासाठी मराठी असणे का सोडावे? तुकारामाच्या अभंगांवरून चालतच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी प्रार्थनेसाठी अभंग रचले, भजने रचली आणि टाळमृदंगाच्या साथीने ती देवळात म्हटली जाऊ लागली. नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात आधीच पडला होता. त्यात टिळकांनी आपल्या काव्याचा रस ओतला. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत त्यांची पदे आजही गाइली जातात. स्वदेशावरील त्यांचे प्रेम तर धर्मांतराने उलट वाढलेच. १९०४ साली ते धर्मोपदेशक म्हणून दीक्षित झाले, तरी परकीय मिशनऱ्यांनी हिंदी ख्रिस्त्यांना कायमचे हाताखाली ठेवावे हे त्यांना मान्य नव्हते आणि ते तसे स्पष्ट बोलून दाखवीत.

काव्याच्या प्रांतात टिळक 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखले गेले. 'वनवासी फूल', 'सुशीला' यांसारख्या त्यांच्या कविता त्या काळी घरोघर वाचल्या जात. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली व तो 'बालकवी' झाला. टिळकांनी पुढे त्याला आपल्या नगरच्या घरी आणून पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. ठोमरे हिंदूच राहिले, आणि त्यात टिळकांना काही वावगे वाटले नाही. त्या घरात अनाथ मुलेही वाढली. पैसा नेहमी अपुरा आणि पाने नेहमी जास्त. ही तोंडमिळवणी लक्ष्मीबाई कशी करीत, ते त्याच जाणोत!

१९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचे काम व त्याबरोबर मिळणारे वेतन सोडले. वेतन घेऊन सांगितलेल्या धर्माला लोक विकत घेतलेला धर्म समजतात, असे त्यांना वाटू लागले होते. साताऱ्यास राहून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. मंडळीतील काहींना हे पसंत पडले नाही. स्वजनांनी पूर्वी एकदा टाकले होतेच. आता नव्या स्वजनांतही ते काहीसे एकटे पडले.

दरबाराचे काम रूप घेण्यापूर्वीच प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी आरंभिलेल्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. ते अपुरे हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वाचावयास शिकल्या त्याही लग्नानंतर. त्यांनी एकामागून एक साठांहून अधिक अध्याय रचून पतीचे काव्य पुढे नेले.