कुमारी तोरू दत्त

इंग्रजी व फ्रेंच या दोन परभाषांत ग्रंथरचना करून वयाच्या एकविसाव्या वर्षीं परलोकवासी झालेल्या एका हिंदी कन्येचें हें अल्प चरित्र आहे. शाळेंत दोन-तीन भाषा एकदम शिकतांना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें. मात्र तिनें भाषा किती आत्मसात् केल्या यापेक्षां, त्या शिकतां शिकतां आपलें घर कोणतें या प्रश्नाचें उत्तर ती कशी शोधीत गेली, हेंच त्यांत अधिक मननीय आहे.

तोरूचा जन्म ता. ४ मार्च १८५६ रोजीं कलकत्त्यांतील रामबागान येथील प्रसिद्ध दत्त घराण्यांत झाला. वडील गोविनचंद्र हे विद्वान्, सधन व स्वतः इंग्रजींत कविता करणारे गृहस्थ होते. अब्जू, अरू व तोरू अशीं त्यांना तीन अपत्यें. तोरू सर्वांत धाकटी. १८६२ सालीं या कुटुंबानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यामुळें जुन्या आप्तसमाजाशीं असलेला घरोबा सैल झाला, आणि राज्यकर्त्यांच्या समाजांतहि हें कुटुंब सर्वस्वीं मिसळून गेलें असें नाहीं. मुलांचें शिक्षण घरींच चाले. वडिलांकडून त्यांना इंग्रजी काव्याची गोडी लागली. आई क्षेत्रमणी यांच्या तोंडून त्यांनीं आपल्या देशांतल्या जुन्या कथा व गाणीं ऐकलीं. हीं दोन बीजें एकाच मनांत पडलीं. पहिलें लवकर रुजलें; दुसऱ्याला वर यावयास बराच काळ लागला.

१८६५ सालीं अब्जू चौदा वर्षांचा असतां वारला. पुढें १८६९ मध्यें गोविनचंद्र पत्नीला व दोन्ही मुलींना घेऊन युरोपांत गेले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं दोघी बहिणी कांहीं महिने एका शाळेंत होत्या. एवढ्या अल्पकाळांत तोरूनें फ्रेंच भाषा अशी आपलीशी केली कीं, ती पुढें जन्मभर तिची आवडती भाषा झाली. तेथून हें कुटुंब लंडनला आलें. १८७० सालच्या युद्धांत जर्मनांनीं फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हां लंडनमध्यें राहणारी ही बंगाली मुलगी फ्रान्ससाठीं हळहळत होती. त्यानंतर केंब्रिज येथें स्त्रियांकरितां होणाऱ्या व्याख्यानांस दोघी बहिणी जात. तेथेंच मेरी मार्टिन या पाद्र्याच्या मुलीशीं तोरूची गाढ मैत्री जडली.

१८७३ सालीं सर्व मंडळी कलकत्त्यास परत आली. स्वदेशीं आल्याचा आनंद व्हावा, तर तोरूला सारें कोंडल्यासारखें वाटूं लागलें. केंब्रिजच्या रस्त्यांतून मोकळेपणानें हिंडण्याची तिला सवय झाली होती. येथें घर आणि बागमारीचा बगीचा एवढेंच तिचें जग उरलें. मेरीला लिहिलेल्या पत्रांतून विलायतेची ओढ वारंवार दिसते. घरच्या मंडळींनींहि पुन्हां युरोपांत जाण्याचा विचार केला होता. परंतु ता. २३ जुलै १८७४ रोजीं अरू क्षयानें वारली. तोरूच्या कादंबरीला चित्रें अरूनें काढावयाचीं, असें दोघींचें ठरलेलें होतें. तें तसेंच राहिलें.

एकाकी पडलेल्या तोरूला पुस्तकांची व वडिलांची सोबत उरली. बापलेकींचा एक खेळ मोठा गमतीचा होता. एखाद्या शब्दाच्या अर्थावरून वाद झाला कीं, एक रुपयाची पैज लागे. मग कोश उघडला जाई, आणि बहुधा रुपया वडिलांनाच द्यावा लागे!

मार्च १८७६ मध्यें तिचें पहिलें पुस्तक निघालें. त्याचें नांव ‘अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’, म्हणजे फ्रेंच शेतांत वेंचलेल्या सरव्याची पेंढी. परदेशीय रूथनें बेथलेहेमच्या शेतांत सरवा वेंचला ही कथा आपणांस ठाऊक आहेच. तोरूचा सरवाहि परक्या शेतांतला होता. त्यांत फ्रेंच कवितांचीं दीडशेंहून अधिक इंग्रजी भाषांतरें असून, आठ अरूच्या हातचीं आहेत. पुस्तक भवानीपूरच्या एका साध्या छापखान्यांत छापलेलें, प्रस्तावनेवांचून व दिसावयास अगदीं सामान्य. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लंडनच्या ‘एक्झॅमिनर’ पत्राच्या कचेरींत तें टपालानें पोंचलें, आणि संपादकांनीं तें एडमंड गॉस या तरुण टीकाकाराच्या हातीं दिलें. फारशी अपेक्षा न ठेवतां गॉसनें तें उघडलें, आणि आंतील काव्य पाहून तो चकित झाला. त्याच्या अभिप्रायामुळें तोरूचें नांव विलायतेंत झालें.

याच काळांत तिच्या मनांत पालट होत होता. आपल्याच देशबांधवांना ती पत्रांतून गोऱ्या लोकांप्रमाणें ‘नेटिव्ह’ म्हणत असे. मेरीला तें खटकलें, व तिनें तसें कळविलें. तोरूनें तो ठपका योग्य म्हणून मान्य केला व तो शब्द पुन्हां न वापरण्याचें वचन दिलें. आपल्या लोकांकडे आपण परक्याच्या डोळ्यांनीं पाहत आहों, हें तिला एका इंग्रज मैत्रिणीनें दाखवावें, यांतच तिच्या आयुष्याचें मर्म आहे.

१८७५ च्या अखेरीस ती वडिलांबरोबर संस्कृत शिकूं लागली होती. प्रकृति ढासळत असल्यामुळें हा अभ्यास वर्षभरहि टिकला नाहीं. तरी तेवढ्यांत तिनें विष्णुपुराणांतील ध्रुवाची कथा इंग्रजी पद्यांत आणली. लहानपणीं ऐकलेल्या कथा आतां ती मुळांतून वाचूं लागली होती. प्राचीन हिंदी स्त्रीजीवनावर क्लारिस बादेर या फ्रेंच विदुषीनें लिहिलेल्या ग्रंथाचें भाषांतर करण्याचीहि तिला इच्छा होती. दोघींचा पत्रव्यवहार झाला. भेटीचा योग मात्र आला नाहीं. ता. ३० ऑगस्ट १८७७ रोजीं तोरूहि क्षयानेंच गेली.

तिच्या कागदांत वडिलांना एक फ्रेंच कादंबरी पूर्ण लिहिलेली सांपडली. ती १८७९ सालीं पॅरिसला छापली गेली. ‘बियांका’ ही इंग्रजी कादंबरी अर्धवट राहिली होती. तिची नायिका इंग्लंडांत राहणारी स्पॅनिश मुलगी असून, तिची वडील बहीण नुकतीच वारलेली आहे. स्वतःविषयीं जें उघड सांगतां येईना, तें तोरूनें या परक्या मुलीच्या मुखानें सांगितलें असावें. १८८२ सालीं ‘एन्शंट बॅलड्स अँड लेजंड्स ऑफ हिंदुस्तान’ लंडनला प्रसिद्ध झालें. सावित्री, लक्ष्मण, एकलव्य, प्रल्हाद हीं सारीं आपल्या ओळखीचीं माणसें त्यांत भेटतात. त्यांतल्या एका कवितेंत बागेंतील सुरूच्या झाडाची सळसळ तिला दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर ऐकूं येते. दुसरींत आईच्या गाण्यांतल्या सीतेसाठीं रडणारीं तीन मुलें आहेत. पुस्तक निघालें तेव्हां त्या तिघांपैकीं एकहि हयात नव्हतें. आईबाप मात्र होते.

तोरूनें आपल्या मातृभाषेंत ग्रंथ लिहिला नाहीं, ही उणीव खरी. परंतु विद्यार्थीमित्रहो, परक्या भाषा शिकलेला मनुष्य आपल्या घराला पारखाच होतो, हें तिच्या चरित्रावरून सिद्ध होत नाहीं. फ्रेंच कवींची सेवा तिनें ज्या निष्ठेनें केली, त्याच निष्ठेनें, अंगांत ताप असतां, ती पुराणांकडे वळली. आपण इंग्रजी धडे पाठ करतांना आजीच्या तोंडची गोष्ट विसरूं नये, आणि आजीची गोष्ट आहे म्हणून इंग्रजी धडा टाकूंहि नये. तोरूला या दोहोंसाठीं अवघीं एकवीस वर्षें मिळालीं. आपणांस याहून अधिक मिळतील अशी आशा आहे. त्यांचा उपयोग करणें आपल्या हातीं आहे.