देशाबाहेर जायला बंदी असताना पळून निघालेला चिनी भिक्खू महाराष्ट्रात आला, त्यानं पाहिलेली राजधानी नाशिक होती का?

इसवी सन ६४१ च्या आसपासची गोष्ट. एक चिनी भिक्खू दक्षिणेकडून महाराष्ट्रात शिरला. मागची वाट मोठ्या जंगलातून आली होती. तिथं जनावरं होती आणि टोळ्या करून फिरणारे लुटारूही होते. घर सोडून त्याला बाराएक वर्षं झाली होती. त्यानं या मुलखाचं नाव आपल्या भाषेत लिहिलं मो-हो-ल-च, म्हणजे महाराष्ट्र. राजाचं नाव लिहिलं पु-लो-कि-शे, म्हणजे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी.

भिक्खूचं नाव युआन श्वांग. जुन्या शालेय पुस्तकांत तो ह्युएन त्संग म्हणून भेटतो आणि दोन मार्कांच्या टीपेत संपतो. पण हा माणूस इथवर पोहोचला कसा, हीच गोष्ट दोन मार्कांत मावणारी नाही.

त्याचा जन्म ६०२ च्या सुमाराचा, चीनमधल्या लोयांगजवळचा. थोरला भाऊ आधीच भिक्खू झाला होता, त्याच्या मागोमाग हाही तेराव्या वर्षी मठात गेला. पुढं सुई घराणं कोसळलं, लढाया आणि दुष्काळ सुरू झाले. जीव वाचवत दोघे भाऊ सिचुआनकडे गेले. युआन श्वांग शिकत राहिला, पण जितकं शिकला तितकी त्याची अडचण वाढत गेली. बौद्ध ग्रंथांचे चिनी अनुवाद एकमेकांशी जुळत नव्हते. एक गुरू एक अर्थ सांगायचा, दुसरा त्याच्या बरोबर उलटा. शेवटी त्यानं ठरवलं की मूळ संस्कृत ग्रंथच वाचायचे, विशेषतः योगाचारभूमिशास्त्र. ते वाचायचे तर भारतात जायला हवं होतं.

त्यानं आणि आणखी काही भिक्खूंनी परवानगीसाठी अर्ज केला. तांग घराण्याचा बादशहा ताईझोंग नुकताच गादीवर आलेला, सरहद्दीवर तुर्कांची भीती. अर्ज फेटाळला गेला. बाकीचे गप्प बसले. हा मात्र ६२९ मध्ये निघाला. (काही अभ्यासक ६२७ म्हणतात.)

दिवसा लपायचं आणि रात्री चालायचं, असा प्रवास सुरू झाला. त्याला पकडण्याचा हुकूम त्याच्याआधी सरहद्दीच्या गावी पोहोचला होता. तिथल्या अधिकाऱ्यानं तो त्याला दाखवला आणि त्याच्यासमोरच फाडून टाकला. पुढं एका म्हाताऱ्यानं त्याला आपला रोडका तांबूस घोडा दिला. ही वाट या घोड्यानं पंधराएक वेळा तुडवली आहे, असं त्याचं म्हणणं. मग एक वाटाड्या मिळाला, तर तोच एका रात्री सुरा उपसून जवळ आला. काही झालं नाही, पण सकाळ झाल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पहारेकऱ्यांच्या पहिल्या बुरुजाजवळ तो पाणी घ्यायला गेला, तेव्हा त्याच्या रोखानं बाण आले.

खरा घात पुढच्या वाळवंटात झाला. पाणी पिताना पखाल हातातून निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. तो पाणी आणायला परत फिरला, थोडं अंतर गेला, आणि पुन्हा पश्चिमेकडे वळला. भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचं नाही, अशी शपथ त्यानं निघताना घेतली होती. चार रात्री आणि पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. शेवटी तो रोडका घोडा एकाएकी दिशा बदलून हट्टानं चालू लागला आणि त्याला एका झऱ्यापाशी घेऊन गेला. एवढ्या मोठ्या प्रवासाचं श्रेय कुणाकुणाला द्यायचं याची यादी केली, तर त्या घोड्याचं नाव बरंच वर येईल.

तुर्फानच्या राजाची तऱ्हा उलटी. त्याला हा विद्वान इतका आवडला की तो त्याला सोडायलाच तयार होईना. युआन श्वांगनं तीन दिवस अन्नपाणी सोडलं, तेव्हा राजा नमला. परतताना तीन वर्षं माझ्याकडे राहायचं, एवढं वचन त्यानं घेतलं. मग मात्र हात सैल सोडला. सोनं, चांदी, रेशमाचे ५०० तागे, ३० घोडे, नोकर आणि वाटेतल्या राजांच्या नावे २४ पत्रं दिली. लपतछपत निघालेला माणूस आता काफिला घेऊन चालला होता. पण तियानशानच्या बर्फात त्या काफिल्यातली दहातली तीन-चार माणसं गारठून मेली.

पुढं समरकंद, बाल्ख, बामियान. बामियानच्या डोंगरात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती त्यानं पाहिल्या आणि त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. तालिबाननं २००१ मध्ये उडवल्या त्या याच. मग गांधार आणि तक्षशिला. काश्मीरमध्ये तो दोन वर्षं शिकत राहिला. गंगेवर चाच्यांनी त्याची नाव अडवली आणि दुर्गेला बळी द्यायला नेमकी त्याचीच निवड केली. ऐनवेळी वादळ उठलं, चाचे घाबरले आणि तो वाचला.

नालंदात त्याला हवं ते मिळालं. शंभरी ओलांडलेल्या आचार्य शीलभद्रांनी त्याला योगाचारभूमिशास्त्र शिकवलं. हे शिकवणं १५ महिने चाललं. बडदास्तही चोख होती, रोजच्या शिध्यात महाशाली नावाचा टपोरा, सुवासिक तांदूळ असायचा. तिथून घरी परतला असता तरी काम झालं असतं. पण त्याला लंकेला जायचं होतं. त्यासाठी तो पूर्व किनाऱ्यानं कांचीपर्यंत उतरला. तिथं लंकेहून पळून आलेले भिक्खू भेटले. राजा मेला होता आणि बेटावर दुष्काळ होता. लंका राहिली, आणि तो वायव्येला वळला.

लंकेत तेव्हा सुकाळ असता, तर कदाचित तो महाराष्ट्रात आलाच नसता.

त्याच्याआधी ग्रीक व्यापाऱ्यांनी पैठण आणि तेरचा माल नोंदवला होता. इथली माणसं कशी आहेत, हे यानं नोंदवलं. जमीन कसदार, हवा उष्ण, लोक उंच, साधे, प्रामाणिक आणि मानी. उपकार केला तर जन्मभर लक्षात ठेवतील, अपमान केला तर जीव पणाला लावून फेडतील. अडचणीतला माणूस दारात आला तर स्वतःचं काम टाकून धावतील. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही शस्त्र घेऊन समोर येतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत.

लढाईबद्दल त्यानं लिहिलंय ते आणखी चमत्कारिक आहे. हरून आलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नसे. त्याला बायकांचे कपडे दिले जात, आणि पुष्कळदा तो शरमेनं स्वतःच जीव देई. राजाच्या पदरी काही शे वीर होते, ते लढाईआधी दारू पीत. हत्तींनाही दारू पाजली जाई आणि मग सगळे मिळून शत्रूवर तुटून पडत. याच जोरावर उत्तरेच्या सम्राट हर्षवर्धनाला हे राज्य जिंकता आलं नाही, हेही त्यानं स्पष्ट लिहिलं. हर्ष त्याचा चाहता होता आणि पुढं त्याचा आश्रयदाता झाला, तरीही लिहिलं. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखातही हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे, पण तो पुलकेशीच्या दरबारी कवीचा, रविकीर्तीचा. परक्या माणसाची साक्ष जास्त वजनदार ठरते.

राज्यात शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू होते, शंभरेक देवळंही होती. पूर्वेच्या डोंगरात एका अर्हतानं उभारलेला विहार आणि दरवाजाबाहेर दगडी हत्ती, असंही वर्णन त्यानं केलंय. ते अजिंठ्याचं मानलं जातं. तिथं लेणं क्रमांक १६ च्या पायऱ्यांपाशी दोन हत्ती आजही आहेत. त्यानं अजिंठा डोळ्यांनी पाहिला की लोकांकडून ऐकून लिहिलं, यावर मात्र वाद आहे.

त्यानं पाहिला तो चालुक्यांचा शेवटचा भराचा काळ होता. साधारण ६४२ मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्मन बदामीवर चालून आला, राजधानी पडली आणि पुलकेशी बहुधा त्याच लढाईत मारला गेला. तोवर हा पाहुणा नर्मदा ओलांडून भडोचला पोहोचला होता.

हर्षाच्या कनौजच्या सभेत मान मिळवून तो ६४३ मध्ये परतीला लागला. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली. पोथ्या सांभाळणारा माणूस पाण्यात पडला, तो वाचला, पण पन्नास पोथ्या वाहून गेल्या. पामीरच्या डोंगरात हर्षानं दिलेला हत्ती बुडाला. तुर्फानच्या राजाला दिलेलं वचनही पाळता आलं नाही. ज्या तांग साम्राज्यात तो परत चालला होता, त्याच साम्राज्यानं ६४० मध्ये ते राज्य गिळलं होतं आणि राजा आधीच गेला होता.

खोतानहून त्यानं बादशहाला पत्र लिहून बेकायदा गेल्याची कबुली दिली आणि उत्तराची वाट पाहत बसला. माफी आली. ६४५ मध्ये चांगआनच्या रस्त्यांवर त्याला पाहायला तोबा गर्दी झाली. सोबत ६५७ ग्रंथ होते, ५२० गठ्ठ्यांत बांधलेले.

बादशहानं त्याला मंत्रिपद देऊ केलं, ते त्यानं नाकारलं. मग बादशहानं प्रवासाचा सगळा वृत्तांत मागितला. त्याला पश्चिमेकडच्या मुलखांची खडान् खडा माहिती हवी होती. युआन श्वांगनं सांगितलं, शिष्य बियानजीनं लिहिलं आणि ६४६ मध्ये ग्रंथ तयार झाला. महाराष्ट्राच्या नोंदीत सैन्य, हत्ती आणि राजाचा जोर इतका का दिसतो, याचं एक कारण हा वाचक असावा.

उरलेली १९ वर्षं अनुवादात गेली. ७५ ग्रंथ, १३३५ भाग. सिंधूत बुडालेल्या पोथ्या तो विसरला नव्हता. घरी येऊन नऊएक वर्षं झाल्यावरही त्यानं भारतातल्या ओळखीच्या भिक्खूंना पत्र लिहून त्यांची यादी धाडली आणि जमल्यास पुन्हा पाठवा म्हणून कळवलं. ६६४ मध्ये तो वारला.

आता नाशिककडे येऊ. त्याचा प्रवासग्रंथ १८५७-५८ मध्ये फ्रेंचमध्ये आला, १८८४ मध्ये इंग्रजीत. मग त्याच्या अंतरांवरून आणि दिशांवरून जुनी शहरं शोधायची लाटच आली. महाराष्ट्रात मात्र घोडं अडलं, कारण त्यानं राजधानीचं नावच दिलेलं नाही. खुणा तेवढ्या दिल्या आहेत. शहराचा घेर ३० ली, पश्चिमेला मोठी नदी, आतबाहेर मिळून अशोकाचे पाच स्तूप, दक्षिणेला जवळच एक विहार आणि त्यात नवसाला पावणारी अवलोकितेश्वराची दगडी मूर्ती. इथून भडोच सुमारे १००० ली पश्चिमेला. एक ली म्हणजे अर्धा किलोमीटर किंवा त्याहून थोडं कमी.

चालुक्यांची राजधानी बदामी, मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न असा की बदामीला लागून मोठी नदी नाही, आणि भडोच तिथून सरळ रेषेतच सातशे किलोमीटरच्या आसपास पडतं. म्हणून कुणी पैठण सुचवलं, कुणी देवगिरी, कुणी कल्याणी. शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी नाव घेतलं नाशिकचं.

नाशिकच्या बाजूनं बरंच बोलता येतं. नदी गोदावरी. भडोच आवाक्यात आहे, उलट बरंच जवळ पडतं. शहराच्या नैर्ऋत्येला, आठएक किलोमीटरवर पांडवलेणी आहेत, जुनं नाव त्रिरश्मी. सातवाहनांच्या काळापासून तिथं भिक्खूंचा राबता होता. परदेशी माणूसही तिथं नवा नव्हता. लेणं क्रमांक १७ उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं कोरवून घेतलं, तेही युआन श्वांगच्या कित्येक शतकं आधी. सहाव्या शतकाच्या आसपास इथल्या काही लेण्यांत नव्यानं बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. म्हणजे तो आला तेव्हा ही जागा बहुधा ओसाड नव्हती.

पण नदीची दिशा अडते. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी मातीच्या गढीवर उत्खनन केलं. नाशिकची सर्वात जुनी वस्ती तिथं निघाली, ताम्रपाषाणयुगापासूनची. ही गढी गोदावरीच्या उजव्या तीरावर आहे, म्हणजे नदी तिच्या पश्चिमेला येत नाही. नदी पश्चिमेला येते ती पलीकडे, पंचवटीत उभं राहिलं तर. सातव्या शतकातलं मोठं शहर त्या तीरावर होतं असं धरलं, तरच फ्लीट यांचं गणित नीट बसतं.

आणि अशोकाचे ते पाच स्तूप नाशिकमध्ये अजून कुणाला सापडलेले नाहीत. ते पैठणलाही सापडलेले नाहीत आणि बदामीलाही नाहीत.