शिकारपूरचा हिवाळी दवाखाना

डरहॅममध्ये 1875 साली जन्मलेले हेन्री हॉलंड एडिंबरोला वैद्यकशास्त्र शिकले आणि 1900 साली क्वेट्ट्याच्या मिशन दवाखान्यात रुजू झाले. बलुचिस्तान-सिंधचा हा मुलूख धुळीचा, उन्हाचा आणि डोळ्यांच्या दुखण्यांचा. चाळिशी-पन्नाशी उलटली की मोतीबिंदू आणि पाठोपाठ अंधत्व, हे तिथे नशिबाचा भाग मानले जाई. उपाय म्हणून फिरते वैदू डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू आत ढकलत. चार दिवस दिसे, पण पुढे कित्येकांचा डोळा कायमचा जाई.

हॉलंड यांना लवकरच उमगले, की इथे शस्त्रक्रियेपेक्षा अंतराचा प्रश्न मोठा आहे. अंध माणूस एकटा प्रवास करू शकत नाही. त्याला आणणाऱ्याचाही रोज बुडतो. शिकारपूरचे दानशूर व्यापारी शेठ हिरानंद यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: डॉक्टर दरवर्षी काही आठवडे येणार असतील, तर दवाखान्याचा खर्च आपण उचलू. शिकारपूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. उन्हाळ्यात तिथे होरपळ, म्हणून हिवाळा ठरला. शेतकऱ्यालाही आधीपासून ठाऊक, की डॉक्टर कधी येणार.

मग दर हिवाळ्यात माणसांची रीघ लागे. नातेवाईक सोबत येत, आवारातच चूल मांडत आणि रुग्णाची शुश्रूषाही तेच करत. परिचारिकांची फौज परवडणारी नव्हती, त्यामुळे हाच खरा तोडगा. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना पट्टी बांधून पडून राहावे लागे, तेव्हा घरचा आवाज जवळ असणे औषधाइतकेच मोलाचे. परदेशातले नेत्रतज्ज्ञ स्वखर्चाने इथे येऊन हात साफ करत. एवढे मोतीबिंदू त्यांना मायदेशी वर्षानुवर्षे मिळाले नसते. शिकण्याचा फायदा पाहुण्यांना आणि शस्त्रक्रियेची जोखीम गरिबाला, हा हिशेब आजच्या नजरेला खटकतो. पण ते आले नसते तर एवढ्या रांगेचे काय झाले असते, हेही विचारात घ्यावे लागते.

या कामाला एक मर्यादा होती. त्या काळच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून टाकत, आत दुसरे बसवत नसत. रुग्णाला जाड काचेचा चष्मा लागेच. गावी परतल्यावर तो फुटला किंवा हरवला, की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस पुन्हा चाचपडू लागे. पुढे भारतातल्या नेत्रशिबिरांनाही याच अडचणीने बराच काळ सतावले.

31 मे 1935 च्या पहाटे भूकंपाने क्वेट्टा जमीनदोस्त केले. दवाखाना कोसळला, हजारो माणसे दगावली. साठीतले हॉलंड ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर निघाले आणि दवाखाना नव्याने उभारण्याच्या मागे लागले. पुढच्या वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. 1948 साली ते क्वेट्ट्याहून निवृत्त झाले, तरी शिकारपूरचा हिवाळा त्यांनी सहजासहजी सोडला नाही.

मुलगा रोनाल्डही याच कामात होता. 1960 साली बापलेकांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाच वर्षांनी, नव्वदीत, हॉलंड यांचे निधन झाले. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात सुरू झाला तो त्यानंतर, 1976 साली.